किल्ल्याबाहेरचा राजपुत्र

लातूरला आम्ही दोन वर्षं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काढली, ती केवळ आईच्या हट्टापायी. खाली स्लॅबच्या दोन चांगल्या खोल्या रिकाम्या होत्या, नळही दारात होता. घरमालकीण चाव्या घेऊन पुढं झाली, तर आईनं उंबऱ्यातूनच मान वर करून विचारलं, "ह्याच्यावर काय हाय?" वर एक मजला होता, त्यावर गच्ची आणि गच्चीवर अडगळीची पत्र्याची खोली. आईनं तीच मागितली. घरमालकिणीला वाटलं, मास्तरीणबाईंना भाडं वाचवायचंय. माझे वडील नांदेडला शाळेत मास्तर होते, आम्हाला पोचवायला आले होते, ते खाली बघत उभे राहिले. या विषयावर आमच्या घरात आईशी कोणी वाद घालत नसे.

त्या काळात सगळा मराठवाडा मुलांना लातूरला पाठवत होता. दहावीला बरे मार्क पडले की पोरगं लातूरला, त्याच्या मागं स्वयंपाकाला आई, आणि नवरा नोकरीच्या गावी खानावळीत. आमच्या गल्लीत देगलूरची एक, लोह्याची एक, माहूरकडची एक अशा आया होत्या. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून त्या एकमेकींच्या मुलांचे टेस्टचे मार्क काढून घ्यायच्या आणि आपल्याचे लपवायच्या. माझी आई त्यांच्यात बसायची नाही. तिला लातूरलाच यायचं नव्हतं. तिचं सासर तिथून एसटीनं तासाभरावर होतं, आणि भूकंपानंतर तिनं त्या बाजूला पाऊल टाकलेलं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. गणपतीसाठी आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन नांदेडहून गावी गेलेली, वडील शाळेमुळं मागं राहिलेले. विसर्जनाच्या रात्री मला ताप होता, मी रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून आई मला घेऊन अंगणातल्या बाजेवर निजली. माझा भाऊ सात वर्षांचा होता. तो आत, आजोबांच्या कुशीत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, असं ते घर होतं. पहाटे ते सगळं आत बसलं. बाहेरच्या भिंतीचे दगड आईच्या पायावर आले आणि तिला दवाखान्यात हलवलं. वडील गावात पोचेपर्यंत सगळ्या गावाचं दहन एकत्रच उरकलेलं होतं. आईनं त्याला गेलेला पाहिला नाही, वडिलांनीही नाही. मावशी सांगायची की आई तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही. घरात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. मला ते नाव माहीत होतं, एवढंच.

आता गेमचं सांगते. प्रश्नसंचाच्या सीड्या चालवायला वडिलांनी एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. माझ्या क्लासमधल्या लोह्याच्या मैत्रिणीनं भावाकडची एक गेमची सीडी त्यात टाकून दिली. जुन्या काळातली राज्यं, किल्ले, घोडदळ. आपण एक घराणं चालवायचं. एक बटण दाबलं की सहा महिने सरायचे. राजाला मूल झालं की गेम नाव विचारायचा. पहिल्यांदा मुलगा झाला, चौकट समोर आली, आणि माझ्या बोटांनी भावाचं नाव टाईप केलं. मी काही ठरवलं नव्हतं. ते नाव स्क्रीनवर उमटलं. बारा वर्षांत ते कुठं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुसायचं सोडून मी बटण दाबत राहिले. तो एकाचा झाला, तीनाचा झाला. सातावर आल्यावर मी उठून पाणी प्यायले. मग डोळे मिटून बटण दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. तो आठाचा झाला. माझा भाऊ आठाचा झाला, आणि खाली घरमालकीण गहू निवडत बसली होती, कोणाला त्याचं काही नव्हतं.

आईला कळलं ते एका दुपारी. ती शेवग्याच्या शेंगा मोडत मागं येऊन उभी राहिली. "काय करून राहिलीस?" म्हणाली, आणि तिची नजर त्या नावावर गेली. आई दहावी शिकलेली, इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायची. तिचे ओठ हलताना मी पाहिले. आता पाठीत रट्टा बसणार म्हणून मी खांदे आवळून बसले.

"हा कितीचा हाय?" तिनं विचारलं.

"नऊचा."

"आपला नऊचा झाला न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी पाटावर बसली.

रट्टा बसला असता तर बरं झालं असतं, इतकी मी हादरले. बारा वर्षांत तिनं त्याच्याबद्दल माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्या दिवसापासून आमचं रोजचंच झालं. मी क्लासहून आले की आई ताट वाढायची आणि विचारायची, "आज किती झाला?" मी सांगायची. जेवण झाल्यावर दोन-तीन वर्षं पुढं जायचं, जास्त नाही. सोळाव्या वर्षी गेममध्ये मुलगा सरदार होतो, नकाशावर येतो आणि त्याला कुठं ठेवायचं ते आपण ठरवतो. मी त्याला उचलून किल्ल्यात ठेवणार, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"आत नको."

"अगं, बाहेर शत्रू मारतील त्याला. किल्ल्याच्या भिंती..."

"भिंतीत नको म्हणलं ना."

मग तो बाहेरच राहिला. गवताळ माळावर, एका झाडापाशी, तंबूत. त्याच्याभोवती मी घराण्याची सगळी फौज उभी केली, त्यामुळं सीमेवरची शहरं उघडी पडली आणि एक-एक करून गेली. लोह्याची मैत्रीण आली की कपाळावर हात मारून घ्यायची. "येडी हायस का? युवराज माळावर आणि किल्ला रिकामा? असं कोण खेळतंय?" मी म्हणायची, राहू दे, हवा चांगली आहे तिथली. आई चहा गाळत ऐकायची आणि तिच्याकडं बघायचीही नाही.

त्याचं लग्न आईनं ठरवलं. तीन राजकन्यांची चित्रं होती. मी सगळ्यात मोठ्या राज्याची निवडत होते. आई म्हणाली, "राज्य का चाटायचंय? जिचा बाप मऊ दिसतोय ती कर." मऊ बापाचीच केली. त्याला दोन मुलं आणि एक मुलगी झाली. आईनं नातवंडांची नावं ठेवताना इतका वेळ घेतला की माझी दुसऱ्या दिवशीची केमिस्ट्रीची टेस्ट पार बुडाली. रविवारी वडील एसटीनं यायचे तेव्हा कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला असायचा. हे त्यांच्यापासून का लपवायचं ते आम्ही कधी बोललो नाही, पण दोघींना ते कळत होतं.

एके दिवशी मी सांगितलं, आज एकेचाळीस झाला. आई तेव्हा चाळीस वर्षांची होती. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि चक्क हसली. "मह्याहून मोठा झाला की गं. आता त्यालाच अहो-जाहो करावं लागतंय." मीही हसले. आईला हसवता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ते माझ्या भावाला जमलं होतं.

मग त्याचे केस पांढरे व्हायला लागले. चित्रात कानशिलावर आधी, नंतर दाढीत. आईला ते आवडलं नाही. "केस कामून पांढरे केलेस?" तिनं मला विचारलं, मीच रंगवल्यासारखं. मी म्हटलं, मी नाही, गेमच करतो. पण मलाही ते बरं वाटलं नाही. मैत्रिणीला विचारलं, हे चित्र परत पहिल्यासारखं करता येतं का. तर ती म्हणाली, "न्हाई येत. साठीच्या पुढं गेले की मरतेत."

"कोण मारतं?"

"कोणी मारत न्हाई. म्हातारे होतेत न् मरतेत. तसंच असतंय."

तुम्हाला हसू येईल, पण माझा विश्वास बसला नाही. आमच्या घराण्यात माझ्या समजत्या वयात म्हातारं होऊन कोणी मेलंच नव्हतं. आजोबा, आजी, चुलता, चुलती, भाऊ, सगळे एका पहाटे. मरण म्हणजे अंगावर काहीतरी पडतं, असंच मी धरून चालले होते. म्हणून तर मी त्याला झाडाखाली ठेवलं होतं, फौज लावली होती, राज्य घालवलं होतं. आणि इतकं करून तो नुसता, काही न होता, जाणार होता. मला तिचा राग आला, गेम बनवणाऱ्यांचा आला. त्यांना काय अडलं होतं?

मी खेळणं बंद केलं. बटण दाबलं नाही तर सहा महिने सरत नाहीत, तो एकसष्टाचा तंबूत उभा, एवढं सोपं होतं. आईला सांगितलं, बारावीची परीक्षा जवळ आलीय, आता गेम नाही. ती म्हणाली, बरं. पण ताट वाढताना रोज विचारायची, "तेवढाच हाय का?" मी म्हणायची, तेवढाच. मी पुस्तकात बघून बोलायची. तिनं माझा चेहरा पाहिला असता तर सगळं समजलं असतं, आणि मला वाटतं तिनं पाहिलाच.

त्यानंतर काही दिवसांनी मी क्लासहून दुपारी लवकर परतले. दार उघडं होतं. कॉम्प्युटर चालू होता आणि आई माझ्या खुर्चीत बसली होती, एक बोट बटणावर. तिला बटण कुठलं ते माहीत असणारच, इतके दिवस ती शेजारी बसली होती, पण मला ते कधी सुचलंच नव्हतं. स्क्रीनवर चौकट होती. त्याचं नाव, त्याचा पांढऱ्या दाढीचा चेहरा आणि खाली इंग्रजीत, वय सदुसष्ट, वार्धक्यानं निधन.

मी दप्तर खाली टाकलं. मग मी ओरडले. "कशाला हात लावलास तू? मी जपून ठेवला होता त्याला. माहीत होतं मला हे, म्हणून थांबवलं होतं."

"मला बी माहीत होतं," आई म्हणाली.

मी तिच्या पुढ्यातून माऊस ओढला. "ऊठ. आधीचं सेव्ह केलेलं आहे माझ्याकडं. आत्ता परत आणते त्याला, एकसष्टचा, सोळाचा, म्हणशील तेवढ्याचा आणते."

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. जोर लावला नव्हता, पण मला तो हलवता येईना.

"नको माय. असू दे." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला काय करू असं विचारल्यासारखा. "म्हातारा होऊन गेलाय. कोणी मारलं न्हाई, काही पडलं न्हाई अंगावर. बाजेवर पडून गेला असल. दोन पोरं हायत त्याला, त्यांनी पाणी पाजलं असल, अग्नी दिला असल. लेक आली असल." ती थांबली. "मी बघत होते. शेवटपर्यंत इथंच होते मी."

मला वाटलं होतं मी त्याला जगवतेय. तिनं तो मरेपर्यंत बसून सोबत केली होती, आणि त्यासाठी तिनं मी घरात नसण्याची वाट पाहिली होती.

ती उठली, गच्चीवरच्या टाकीतून बादलीभर पाणी काढलं, तापवलंही नाही. मला म्हणाली, "डोक्यावरून अंघोळ करून घे." मयताची बातमी आली की घरात तसंच म्हणतात. मग ती तिथंच उन्हात उकिडवी बसली, लुगड्यासकट, आणि तांब्या डोक्यावर रिकामा केला. दुसऱ्या तांब्याला तिच्या तोंडून आवाज फुटला. मी तसा आवाज आधी ऐकला नव्हता. मी मोठी होईपर्यंत तो तिच्या आत कुठं होता कोण जाणे. ती त्याचं नाव घेऊन रडत होती, पुन्हा पुन्हा तेच नाव, आणि मी दारात उभी राहून ऐकत होते.

गल्लीतल्या आया जिन्यात जमा झाल्या. घरमालकीण धापा टाकत वर आली. तिला वाटलं नांदेडहून वाईट फोन आला, मास्तरांचं काही झालं.

"मास्तरीणबाई, काय झालं ओ? कोण गेलं?"

"थोरला गेला, काकू," आई म्हणाली.

घरमालकिणीला आमच्या घरात मी एकटीच माहीत होते. तिनं पदर तोंडाला लावला. "अगं माय माय. सांगितलं न्हाई तुम्ही कधी. केवढं होतं ओ लेकरू?"

आईनं ओल्या हातानं चेहऱ्यावरचे केस मागं सारले.

"म्हातारा झालता," ती म्हणाली.