नांदेडऐवजी हैदराबाद

नांदेडवर फेऱ्या मारून आम्ही कंटाळलो होतो. खाली धावपट्टी होती, दिसत मात्र नव्हती. टॉवरवाला प्रत्येक वेळी तेच सांगायचा, "धुकं आहे. थोडं थांबा."

विमान हवेत उभं राहत नाही. थांबायचं म्हणजे ठरलेल्या उंचीवर लांबट फेऱ्या मारत राहायचं. याला होल्डिंग म्हणतात. दर फेरीला इंधन जळतं. दुसऱ्या विमानतळावर जाऊन तिथंही थोडं ताटकळावं लागलं तर पुरेल, एवढं इंधन राखून ठेवायचं असतं. त्याला हात लागायच्या आत निघायचं. आठवडाभर रोज पहाटे उठून मी हाच हिशेब करत होते. डोळे चुरचुरत होते.

इंटरकॉम वाजला. केबिन क्रूची प्रमुख मुंबईची होती.

"मॅडम, एक प्रवासी फार अस्वस्थ आहेत. निलंग्याजवळच्या गावात वडिलांची माती आहे म्हणतात. म्हणजे काय?"

मी लातूरची. मला समजलं. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात.

"कधी आहे?"

"दुपारी."

शेजारचा को-पायलट म्हणाला, "आणखी एक फेरी मारू या का? धुकं विरळ होतंय."

त्या माणसासाठी मलाही मारावीशी वाटत होती. म्हणूनच मारली नाही. हैदराबादला वळलो.

तिथंही गर्दी होती. धुक्यामुळे इकडून तिकडून वळवलेली विमानं रांगेत होती. कंट्रोलरनं वेग कमी करायला सांगितला. वाटेतच सावकाश गेलं की तिथं पोचून फेऱ्या माराव्या लागत नाहीत, इंधनही वाचतं. उतरलो तेव्हा निरोप आला, नांदेडचं धुकं निवळलं.  

मागे आरडाओरडा सुरू झाला होता. तो प्रवासी कॉकपिटच्या दारापाशी आला. मल्लिकार्जुन नाव. मुंबईत एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. आवाज चढवला नाही त्यांनी.

"मॅडम, भूकंपात आई गेली. तवा मी लातूरला क्लाससाठी खोली करून राहत होतो. गावात पोचलो तर समदं उरकलं होतं. आता बापाचं तोंड तरी दिसंल का?"

"दादा, नांदेडला येऊच नका," मी म्हणाले. "इंधन भरून, परवानगी मिळून आम्ही कधी निघू, सांगता येत न्हाई. इथंच उतरा. गाडी करा, बिदर, भालकीवरून निलंगा गाठा. घरी फोन करून थांबायला सांगा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "तुम्ही तिकडच्या हाव का?"

"लातूरची. सामान किती आहे?"

"पाठीवरची बॅग तेवढी."

मी कंपनीच्या ऑपरेशन्स विभागाला फोन लावला.

"कॅप्टन, असं मध्येच कुणाला उतरवता येत नाही," ड्यूटी मॅनेजर म्हणाले. "सिक्युरिटी पुन्हा सगळं तपासेल. एकासाठी सगळ्यांना उशीर?"

"उशीर झालेलाच आहे, सर. त्यांचं सामान विमानाच्या पोटात नाही, शोधून काढायला नको."

"मग रिपोर्टमध्ये तुमच्या जबाबदारीवर लिहा."

"लिहिते."

मल्लिकार्जुन उतरले. त्यांच्या आसपासच्या सीट तपासण्यात आणखी वेळ गेला. एक आजोबा माझ्यावर उखडले, "आमाला कामं न्हाईत व्हय?" त्यांचंही खरंच होतं. मी माफी मागितली. त्या दिवशी मी नुसती माफीच मागत होते.

नांदेडला पोचेपर्यंत दुपार कलली होती. ड्यूटीचे तास संपले म्हणून परतीचं विमान दुसऱ्या क्रूनं नेलं. त्याच्या प्रवाशांनीही मला शिव्या दिल्या असतील.

दुसऱ्या दिवशी मल्लिकार्जुननी नांदेड विमानतळावरच्या आमच्या ऑफिसात फोन केला. मी तिथंच होते. ते लिंगायत. त्यांच्यात मृताला बसवून पुरतात.

"पोचलो, मॅडम. लोकं थांबली होती. बापाला बसवलं होतं. तोंड बघितलं, माती दिली."  

उशिराबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. मी दिला. पुढे काही झालं नाही.

नव्या पायलटांना मी एवढंच सांगते. दया दाखवायचीच असेल, तर चाकं जमिनीला टेकल्यावर दाखवा.