वाट पाहण्यातले डोळे

सिरोंच्याच्या दवाखान्यातले आपले कंपाउंडर केशवभाऊ, तुमच्या मागे लागलेला हिवताप आता तरी सुटला का? औषध वाटणाऱ्यालाच ताप सोडत नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार. मुलचे शिंपी लटारीभाऊ, सुईत दोरा ओवायला अजून सुनेला हाक मारता, की चष्मा घेतलात? नागपूरच्या पोस्टात बदलून गेलेले नारायणराव, गुडघे काय म्हणतात? वहिनींचा दमा यंदाच्या थंडीत बेताचा राहिला असेल अशी आशा करतो. माझं म्हणाल तर दात गेले, भूक गेली नाही.

आता ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या वासुदेवराव मास्तरांची प्रकृती. तेच सांगायला लेखणी उचलली आहे. पण अशा लेखात आधी पहिली ओळख सांगायची रीत आहे. ती मोडत नाही.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी चांद्याला लाकडाच्या डेपोत मुनशी होतो. शाळा मराठी चौथीपर्यंत, इंग्रजी रद्दीच्या कागदांवरून जमवलेलं. एकदा कामानिमित्त गडचिरोलीकडे निघालो. मोटार वैनगंगेच्या अलीकडे थांबली आणि उतारू नावेची वाट पाहत रेतीत बसले. माझ्या हातात जुना इंग्रजी कोश होता. त्यात ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ छापलेला, पाहणे. शेजारी धोतर, काळा कोट आणि छत्री घेऊन एक गृहस्थ बसले होते. मी त्यांना विचारलं, एका कामाला तीन माणसं कशाला ठेवलीत?

त्यांनी माझ्या हातातला कोश मिटला. म्हणाले, “नुसते डोळे उघडे ठेवा. नदी दिसते ना? हे सी. आता पलीकडच्या काठाला नाव आहे का, तिकडे नजर वळवा. हे लुक. ती बघा सुटली. आता इथे पोहोचेपर्यंत तिच्यावरची नजर काढू नका. हे वॉच.”

नाव काठाला लागेपर्यंत मी पापणी लवू दिली नाही. अलीकडे दोर आवळत बसलेला दुसरा एक नावाडी सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तर, सायबाले नुसतं पाह्याले येवढे शब्द काऊन लागतेत? आमी त येकाच पाह्यन्यात नदी उतरतो.”

“आणि संध्याकाळी घरची तुमची वाट पाहते, ते?”

“ते बी पाह्यनंच.”

“तिथे इंग्रजी उणं पडतं, भाऊ,” मास्तर म्हणाले. “त्यांच्या शब्दात नुसतं थांबणं आहे. वाटेला लागलेले डोळे त्यात नाहीत.” असं म्हणून त्यांनी भुवईवर आडवा हात धरला आणि मान पुढे काढून, एखादी बाई दारात उभी राहून रस्ता न्याहाळते तसं केलं. सगळे उतारू हसले. मी तिथेच त्यांना गुरू केलं.

पुढे चांद्यात जटपुरा दरवाज्याच्या आत, त्यांच्या घराच्या ओट्यावर, दर रविवारी सकाळी आपण चौघे बसू लागलो. प्रत्येकाची जागा ठरलेली. केशवभाऊ खांबाला टेकून, लटारीभाऊ उजेडाकडे, नारायणराव पायरीजवळ, मी चटईच्या फाटक्या टोकावर. मास्तर व्याख्या सांगत नसत. करून दाखवत आणि करून दाखवायला लावत. कापणं, फाडणं आणि कातरणं यांची इंग्रजी क्रियापदं शिकवताना त्यांनी लटारीभाऊंनाच पुढे बसवलं. लटारीभाऊ म्हणाले, “फाडून दाखवतो मास्तर, पन कापड तुमचं आना.” मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढून दिला. तो फाटका पंचा त्यांनी पुढे कितीतरी दिवस वापरला. चूक झाली की रागावणं नाही, हसणं नाही; नुसता हात उचलत आणि तीच क्रिया पुन्हा बरोबर करून दाखवत.

त्यांचं हे बारीक पाहणं शब्दांपुरतं नव्हतं. एकदा ढीवर मंडळी तलावातल्या मासेमारीसाठी अर्ज लिहून घ्यायला आली. सरकारी अर्ज तेव्हा ‘आय बेग’ म्हणून सुरू करायची पद्धत. मास्तरांनी तो शब्द घातला नाही. साधं ‘वी आस्क’ लिहिलं. अर्ज वाचून त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांच्यातले म्हातारे पाटील घाबरले. म्हणाले, “सायेब रागावन त नाई?”

मास्तरांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे पसरले, मग ते जोडले. “हे भीक मागणं, आणि हे मागणं. तलाव तुमच्या वाडवडलांनी राखला. हात जोडून मागा, पसरून नको.”

कचेरीतून तो अर्ज भाषा नम्र नाही म्हणून परत आला. मास्तर स्वतः तो घेऊन गेले आणि एक अक्षर न बदलता देऊन आले. त्या तलावाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. पण म्हातारे पाटील गेल्या वर्षी बाजारात भेटले, तेव्हा त्यांनी रामराम आधी मास्तरांना सांगितला, मग मला केला.

माझी आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा पाहून जाणारे पुष्कळ आले. मास्तर आले ते कोट खुंटीला अडकवून थांबले. तिला कुशीवर वळवलं, पेज पाजली, मला निजायला पाठवलं. त्या दिवशी ते एकही शब्द शिकवत नव्हते, पण सांभाळणं म्हणजे काय ते मी तिथे शिकलो.

मग राज्याची फेरमांडणी झाली, बदल्या झाल्या, कोणाला पोट घेऊन गेलं तर कोणाला पोरं. ओट्यावरची चटई गुंडाळली गेली. पुराच्या पाण्यात ओंडके सुटावेत तसे आपण वाहत गेलो, आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी मास्तरांकडे जात असेल.

गेल्या पावसाळ्यात मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मला कळलं ते दिवाळीनंतर; तसाच गेलो. खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोळे तेच, लखलखीत. मला ओळखलं. डाव्या हाताने घोट घोट घेण्याची खूण केली. त्यांची सून पाणी आणायला उठली, तशी त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, “बाई, पाणी नाही, चहा. फुंकर मारून, बशीतला.” गटागटा पिणं आणि घोट घोट घेणं, ही दोन क्रियापदं त्यांनी आपल्याला अशीच शिकवली होती. घरची माणसं जिवापाड सेवा करतात, पण आपल्या वर्गात ती बसली नव्हती.

चहा झाला. मास्तरांनी डावा हात भुवईवर आडवा धरला, मान खिडकीकडे काढली. सून लगबगीने उठली आणि खिडकी लावून घेतली. म्हणाली, “मामाजींच्या डोळ्यांना ऊन लागते जी. रोज असंच करतात.”

मास्तरांनी हात खाली टाकला. मी विचारलं, “सी?” मान हलली, नाही. “लुक?” नाही. “वॉच?” तेही नाही. तेव्हा मला वैनगंगेची रेती आठवली. मी मराठीत विचारलं, “वाट पाहता?”

त्यांनी डोळे मिटले, आणि मग खाटेच्या काठावर हात थोपटला. एकदा भिंतीकडे, जिथे टेकायला खांब असावा. एकदा उजेडाकडे. एकदा दाराच्या पायरीकडे. चौथ्यांदा माझ्या गुडघ्यावर.

खिडकी मी उघडली. सुनेला सगळं समजावून सांगितलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, मला काय माहीत, मी तर रोज लावून घेतली.

तिचा काय दोष? रस्ताच रिकामा होता.

मास्तरांना उदंड आयुष्य लाभो, उजव्या हातात पुन्हा बळ येवो, ही आपल्या सर्वांचीच प्रार्थना. पण ते आयुष्य नुसतं खिडकीत जाऊ नये. नारायणराव, केशवभाऊ, लटारीभाऊ, जमेल त्याने या. गुडघा, ताप, डोळे आडवे येत असतील तर पत्र लिहा. इंग्रजीत लिहा, आणि एखादी चूक खुशाल राहू द्या. चूक सापडली की त्यांचा डावा हात वर जातो, मी पाहिलं आहे. वाचून दाखवायला मी दर रविवारी जातोच. फक्त लिहायचं ते लवकर लिहा. खिडकी आता उघडी असते.