सरांनी गाळलेलं प्रकरण

मैत्रिणींनो, आज आमच्या ट्रेनिंग कॉलेजात बालमानसशास्त्राच्या तासाला सरांनी 'वयात येणे' हे प्रकरण चक्क गाळलं. म्हणाले, "बायकांसमोर हे शोभत नाही."

आजऱ्याला आधीपासून शिकवणारी सुशीला उठली. "सर, माझ्या शाळंत एका पोरीला वर्गातच न्हाण आलं. आपण मरणार म्हणून रडत हुती. तिला काय सांगायचं?"

"घरी पाठवायचं," म्हणत सर घाम पुसत निघून गेले.

स्वराज्य आलं, पण सरांची लाज काही गेली नाही. असली माणसं म्हणे शिक्षिका घडवणार.

मग मीच पुढं जाऊन ते प्रकरण मोठ्यानं वाचलं. एकीनंही जागा सोडली नाही. शेवटी सुशीला म्हणाली, "मलाबी कुणी सांगितलं नव्हतं की."

तुम्हाला कुणी सांगितलं होतं?