एकच तार चढवणारी गिटार

आमच्या ऑर्केस्ट्रात गायिका आली नाही, की तिचं गाणं संगमेश्वर वाजवायचा. मांडीवर आडवी हवाईयन गिटार, डाव्या हातात लोखंडी दांडी. लातूर-उदगीरची पब्लिक अशी गप्प व्हायची, की मला निवेदकाला माइक धरून नुसतं उभं राहावं लागायचं. आणि मी गप्प उभा राहणारा माणूस नव्हतो!

त्या गड्याची एकच तक्रार होती. दांडी सरकवली की सगळ्याच तारांचे सूर सोबत सरकतात. "अण्णा, एकीला वर जायचंय, तर बाकीच्यांनी कशाला जायचं?" पायानं दाबायचे पेडल असलेली स्टील गिटार असते, तिच्यात बाकीच्या जागेवर राहतात आणि हवी तीच तार चढते, हे त्यानं कुठं तरी ऐकलं होतं. नांदेडला बाजाच्या पेट्या आणि गिटारी दुरुस्त करणारा सत्यम त्याच्या ओळखीचा. अशी कधी आली तर फोन कर, असं त्याला सांगून ठेवलेलं.

तो फोन आला, तेव्हा संगमेश्वरला जाऊन वर्ष होत आलं होतं.

फोन त्याच्या बायकोनं घेतला. अंबिकावहिनी शिवणकाम करतात. ऑर्केस्ट्रातल्या पोरींचे सगळे घागरे त्यांच्या हातचे, माझा लाल मखमली कोटही त्यांचाच. तो अजून अंगाला येतो, बटणं तेवढी लागत नाहीत. संगमेश्वरला समाधी देऊन आलो, तेव्हा वहिनींनी सगळ्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी ब्लाऊज अर्धवट होता, तो घेऊन मशीनवर बसल्या. गल्लीतल्या बायका काय काय बोलल्या. वहिनी रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. जेव म्हटलं की जेवायच्या, झोप म्हटलं की झोपायच्या. टाळ्यांसाठी आयुष्यभर डोळ्यांत पाणी आणलेल्या माझ्यासारख्याला ते बघवायचं नाही.

"अण्णा, गाडी करा," त्या म्हणाल्या. "नांदेडला जायचं."

"घ्यायचीय?"

"बघायची. ऐकून मला काही होतंय का ते बघते. न्हाई झालं, तर ह्यांची जुनी गिटारबी सत्यमलाच देऊन येते. घरात मुकी मी एक हाय तेवढं बस."

निघताना रेक्झिनच्या पेटीतली ती गिटार त्यांनी स्वतः डिकीत ठेवली. वाटेत मी जुन्या कार्यक्रमांच्या गमती सांगितल्या. त्या "हाव" म्हणत राहिल्या.

सत्यमच्या दुकानात दोन गिटारी टेबलांसारख्या उभ्या होत्या. कॅनडाहून कायमचं परत आलेल्या एका सरदारजींनी त्या विकायला ठेवल्या होत्या. एक मोठी, तारांचे दोन पट्टे, खाली आठ पेडल, सगळीकडे चकचकाट. मी तिच्यावरच भाळलो.

"वहिनी, ही घ्या! नुसती स्टेजवर ठेवली तरी अर्ध्या टाळ्या हिला!"

"मला कुठल्या स्टेजवर जायचंय, अण्णा? तुम्हीच जावा, कोट घालून."

सत्यम मूळचा बिलोलीकडचा, तेलंगणाच्या शिवेवरचा. हसत म्हणाला, "अम्मा, शिकणाऱ्याला एवढी कशाला? धाकटी बघा. दहा तारा, तीन पेडल, गुडघ्यानं ढकलायचे चार खटके. तेवढंच लई हाय."

वहिनींनी तारांकडे पाहिलंच नाही. पर्समधून टेप काढला. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत स्वतःचं माप घेतलं, मग दोन्ही गिटारींच्या खाली वाकून खटके मापले.

"मोठी मापात न्हाई. ही धाकटी उंच हाय, पण हिचे पाय आत सरकतात जणू."

"सरकतात. पेडलच्या काड्याबी आखूड करून देतो," सत्यम म्हणाला आणि तिथंच आटे फिरवायला लागला.

वहिनींनी चपला काढल्या, मशीनवर बसताना आवरतात तशी साडी आवरली आणि स्टुलावर बसल्या. हात सत्यमचे. त्यानं दांडी टेकवून तीन तारा छेडल्या. "दाबा."

वहिनींचा पाय सुरू झाला. टाच, चवडा, टाच, चवडा. तार केकाटत वर जाई, खाली येई. शेजारचा पानवाला डोकावून गेला.

"अम्मा, ब्लाऊज शिवून राहिलात का? दाबून धरा!"

"जन्मभर हेच केलं. पायाला दुसरं काय येतंय?"

सत्यमनं पुन्हा छेडलं. ह्या वेळी त्यांनी पाय दाबला आणि धरला. दोन तारा होत्या तिथंच राहिल्या. तिसरी त्यांच्यामधून सावकाश वर चढली आणि थांबली. संगमेश्वर जे मागत होता ते हेच. माझ्या डोळ्यांना धार लागली, टाळ्याही वाजवल्या.

"काय वाटलं, वहिनी?"

"काही न्हाई."

चेहरा कोरडा. मला डिकीतली पेटी आठवली.

आवाज विरून गेला. त्यांचा पाय तसाच दाबलेला.

"अम्मा, सोडा आता."

"सोडलं की ती खाली येती?"

"हाव. जिथली तिथं येती. न आली तर गिटार खराब म्हणायची."

"मग थांबा जरा."

आम्ही थांबलो. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मग त्यांनी पाय उचलला.

"आता वाजवा."

सत्यमनं तारा छेडल्या. तिसरी आपल्या जागी आली होती. वहिनींनी तेच पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा.

"धाकटी द्या," त्या म्हणाल्या.

"काही झालं नाही म्हणालात ना?" मी विचारलं.

"न्हाईच झालं. पण पाय उचलू वाटंना."

मी घुटमळलो. "आणि संगमेश्वरची? आणू का आत?"

"कशाला? ती जरा बाजूला सरकवा. हिला जागा करा."

परतताना लोहा गाव मागं पडलं तरी वहिनी बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिलो, आणि तेही मला जमलं. त्यांनी चप्पल काढली होती. उजवा पाय गाडीच्या रबरी मॅटवर घट्ट दाबून धरलेला. अहमदपूरला चहाला थांबलो, तेव्हा कुठं त्यांनी तो उचलला.