न दुखण्याची भीती

क्ष-किरणांची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "फीमर तुटलंय." फीमर म्हणजे मांडीचं हाड, शरीरातलं सगळ्यांत मोठं. मग त्यांनी विचारलं, "खूप दुखतंय का?"

मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही."

हे सांगताना माझ्या अंगावर काटा आला. कारण तेच उत्तर त्याच सकाळी मी दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तो माणूस आता या जगात नव्हता.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. आमचं घर कानडी मुलखातल्या शिवाजीनगरला, अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, कापडदुकानाच्या वर. मी के. आर. पुरमच्या शाळेत शिकवायला जात असे. त्या सकाळी आमची बस तळ्याच्या बांधावरून खाली कलंडली. मी बाहेर कशी आले, आठवत नाही. एका चिंचेला टेकून बसले होते. समोर एक पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं दिसत होतं. हे कुणाचं, असा मला प्रश्न पडला. लोक ओरडत होते, पण कानांत कापूस घातल्यासारखं सगळं लांबून ऐकू येत होतं. आणि सांगायला अवघड वाटतं, पण मला फार बरं वाटत होतं. थंडीत उन्हात बसावं तसं.

शेजारी बसचा ड्रायव्हर बसला होता. त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली होती. शर्ट ओला, काळपट. दुखतं का, असं मी कन्नडमध्ये विचारलं. तो हसला.

"नोवु इल्ला, अक्का," तो म्हणाला. दुखत नाही. जरा टेकतो, मग बघू काय ते, असंही म्हणाला.

थोड्या वेळाने मी वळून पाहिलं. तो तसाच बसला होता, चेहऱ्यावर तेच हसू. आणि तो गेला होता.

म्हणून डॉक्टरांना 'नाही' म्हणताना वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी पायाचा अंगठा चिमटून पाहिला, स्पर्श कळत होता. मोठा मार बसला की असं होतं, दुखणं मागाहून येतं, एवढंच ते बोलले. मी त्याची वाट पाहत पडून राहिले.

तेवढ्यात अण्णा धावत आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुमे, मी आलोय गं." त्याच क्षणी दुखणं आलं. मी किंचाळले, आणि किंचाळतानाच हायसं वाटलं. मी जिवंत होते.

मग ट्रॅक्शन लावलं. म्हणजे हाडातून सळई घालून, दोरीला वजन टांगून पाय ताणून ठेवायचा. दुपारी सिस्टर मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून केलेल्या औषधाचं, इंजेक्शन देत. दुखणं ओसरू लागलं की मला ड्रायव्हरचं हसू दिसे. मग मी मुद्दाम मांडी दाबून पाही, दुखतं ना अजून?

एकदा फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, की सवय लागू नये म्हणून गेले काही दिवस सुईत नुसतं मिठाचं पाणी आहे. मला राग नाही आला. भीती वाटली.

"मग माझं दुखणं नेत कोण होतं?"

ते म्हणाले, "खरं सांगू? आम्हाला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तीच सुई, तेच पाणी. पण दुखणं जागचं हललं नाही. नेणारं जे कोण होतं, ते ओळखलं गेल्यावर निघून गेलं, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

कुबड्यांवर चालता येऊ लागल्यावर मी अण्णांबरोबर यशवंतपूरला ड्रायव्हरच्या घरी गेले. त्याच्या बायकोने एकच विचारलं, फार तळमळले का? मी पाहिलं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. विधवेला सगळे असंच सांगतात.

पुष्कळ वर्षांनी अण्णांची मुलगी डॉक्टरी शिकू लागली. तिने मला नव्याने लागलेल्या शोधाबद्दल सांगितलं. एन्डॉर्फिन, म्हणजे मेंदू स्वतःच तयार करतो ती अफू. मोठा मार बसला, जिवावर बेतलं, की ती सुटते आणि दुखण्याचा निरोप वाटेतच अडवते. कधी सुईवरच्या नुसत्या विश्वासानेही सुटते. ज्याला मी इतकी भ्याले, ते माझ्याच डोक्यातलं होतं, माझ्याच बाजूचं.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. अपघातातला माणूस दुखत नाही म्हणाला, तर त्याला आधी दवाखान्यात न्या. आणि तुमचं माणूस तसं म्हणून गेलं असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

मी पुन्हा यशवंतपूरला गेले. ड्रायव्हरच्या बायकोचे केस पिकले होते. साध्या कन्नडमध्ये तिला सांगितलं, की हे सांत्वन नाही. त्यांच्या शरीरानेच त्यांना औषध दिलं होतं.

ती पदर सावरून माझ्याजवळ सरकून बसली.

"हसले म्हणालात ना," ती म्हणाली. "कसे हसले, सांगा."