कंबळीअण्णा आणि धुतलेली शेड

लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून मागच्या आठवड्यात मी घरातलं जुनं घोंगडं धुवायला काढलं. कढत पाणी केलं, त्यात साबणाचा चुरा टाकला आणि दगडावर दणादण आपटलं. वाळल्यावर बघतो तर पलंगभर पसरणारं घोंगडं पाटावर घालण्याजोगं झालेलं! बायकोने ते हातात घेतलं आणि खरोखरच पाटावर घालून बघितलं. मी बादली घेऊन मागच्या दारी सटकलो. कारण ते घोंगडं कंबळीअण्णांचं होतं.

बिदरकडच्या राजेश्वर गावात घोंगड्याला कंबळीच म्हणत. अण्णा ती विणत आणि भर उन्हाळ्यातही एक खांद्यावर टाकून हिंडत. कुणी भेटलं की तब्येत विचारायची नाही, पाऊसपाणी विचारायचं नाही, एकच प्रश्न, "हात चालायलाय का?" मी तिथल्या शाळेत नवा मास्तर. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गृहस्थ माझ्या हाताच्या दुखण्याची चौकशी करतोय. मी आपला बिचारा पंजा उघडून दाखवला. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "खडूचा हात हाय. चालंल."

निजामाचा अंमल जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. हैदराबादेतल्या नव्या सरकारने योजना काढली: गावातल्या कारागिरांनी एकत्र येऊन शेड उभारावी, माग, लोकर आणि पोरांना शिकवणाऱ्याचा पगार सरकार देईल. अण्णांनी ते ऐकलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. गावची तरणी पोरं एकेक करून सोलापूरच्या गिरण्यांत जायला लागली होती. अण्णांचा थोरला, बसू, बोचकं बांधूनच बसला होता. "शेड झाली तर राहतो म्हणलाय," अण्णा मला सांगत. "घरात माग असताना पोरानं कामून जावं हो सोलापूरला?"

सगळ्यांनी मिळून शेड उभी केली. घरातले जुने माग आणून मांडले. काम सुरूही झालं. मग निरोप आला, हैदराबादचे साहेब पाहणीला येणार. साहेबांनी हो म्हटलं की पैसा सुटणार.

आता आमच्याकडे पाहुणा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. अण्णांनी हुकूम सोडला, "साहेबाच्या नाकाला वास लागता कामा नये." धाग्यांना फासायच्या चिंचोक्याच्या उग्र खळीची मडकी उचलली. ओली लोकर नेऊन गोठ्यात दडवली. मागावरचा ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, उतरवला. जमीन सारवली, दाराला तोरण लावलं, आणि सगळे विणकर आंघोळी करून, धुतलेली धोतरं नेसून वऱ्हाड्यांसारखे रांगेत बसले. मध्ये एक कोरी कंबळी अंथरलेली.

साहेब आले. कंबळीवर बसले, पानसुपारी घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "काम किधर है जी?"

अण्णा हात जोडून उठले. "तुमी येणार म्हणून बंद ठेवलंय, साहेब."

साहेबांनी लिहून टाकलं, इथे कोणताही उद्योग चालू नाही.

दुसरा कुणी असता तर अंथरूण धरलं असतं. अण्णा दोरखंड, लोकर आणि खळीचं मडकं घेऊन, साहेबांचा मुक्काम होता त्या बिदरच्या कचेरीत गेले. व्हरांड्याच्या खांबांना ताणा बांधला आणि कुंच्याने खळ फासायला बसले. दुपारपर्यंत सगळी कचेरी त्या वासाने भरली. शेवटी साहेबच नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि हसले. "अब समझा," म्हणाले. त्यांनी वर शिफारस केली. पुढे मंजुरी झाल्याची बातमी आली. अण्णांनी गावभर साखर वाटली. बसूने बोचकं सोडलं.

पण पैसा गावाला पोचायच्या आत भाषेवरून हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. कागद हैदराबादेत राहिले आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. बिदरचा कारकून म्हणाला, "तुमचं तिकडं." हैदराबादचा म्हणाला, "तुमचं आता इकडं न्हाई." अण्णा परत येऊन माझ्या ओट्यावर बसले. "मास्तर, आपण तर हललो न्हाई. मग राज्य कसं काय गेलं?" मी भूगोल शिकवत होतो, पण शाळेतला नकाशाही अजून आम्हाला हैदराबादेतच दाखवत होता.

बसूने बोचकं पुन्हा बांधलं. अण्णा त्याला सोलापूरच्या गाडीपर्यंत पोचवायला आले. गाडी हलताना कंडक्टरला म्हणाले, "येताना एक जागा ठेव रे." त्यानंतर सोलापूरकडून गाडी आली की ते रस्त्यावर येऊन उभे राहत. बसू सणाला येई, दोन दिवस राही आणि जाई.

पुढे मीही मराठी मुलखात नोकरी धरली. त्याच गाडीने निघालो. अण्णांनी आपल्या खांद्यावरची कंबळी काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. "धू नको अक्का. खळ गेली की कंबळी अंग चोरती." त्या दिवशी त्यांनी मला नेहमीचं विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं, "अण्णा, हात चालायलाय का?"

"चालायलाय की," ते म्हणाले. "कुणासाठी, ते इचारू नका."

नंतर त्यांची भेट झाली नाही. अण्णा गेल्याचं बसूच्या पत्रातून कळलं. पत्र सोलापूरहून आलं होतं.

त्या धुण्याच्या दिवशी संध्याकाळी बायको ते आटलेलं घोंगडं मांडीवर घेऊन बसली. "त्यांनी साहेबासाठी शेड धुतली, तुम्ही व्याह्यांसाठी कंबळी," ती म्हणाली. "दाखवण्यासारखं होतं तेवढं दोघांनी नेमकं धुऊन काढलंत." मी मान खाली घातली. ती मात्र घोंगड्याचा काठ बोटांनी चाचपत राहिली, मग तो नाकाशी नेऊन हळूच म्हणाली, "इकडे या. इथे अजून थोडा खळीचा वास आहे."