माझ्या हाताला बसलेलं पिस्तूल

माझा हात लहान आहे. तळवा रुंद, पण बोटं आखूड. हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर, आमच्या कनाटा उपनगराच्या पलीकडे अर्ध्या तासावर असलेल्या एका शूटिंग रेंजवर कळलं. सांगणारी बाई साठीची होती. आधी शाळेची बस चालवायची, आता तिथे नवख्यांना शिकवायची. तिने माझा पंजा आपल्या पंजाला लावून पाहिला आणि म्हणाली, "आपल्या दोघांचा साइझ एकच." मला तिथे घेऊन आलेला ऑफिसातला जुना मित्र फिस्सकन हसला. मीही हसलो. मनातून मात्र ते लागलं, कारण मी काही बाईच्या मापाचं पिस्तूल शोधायला तिथे गेलो नव्हतो.

दोन हजार सोळाचा हिवाळा चालू होता. ज्या टेलिकॉम कंपनीत मी एकोणीस वर्षं काढली, तिने सप्टेंबरात आमच्या अख्ख्या टीमला एका खोलीत बोलावून निरोप दिला होता. मित्र त्याच टीममधला. तो वर्षानुवर्षं या रेंजवर जात होता. लायसन्स नसलेल्या पाहुण्यालाही तिथे कुणाच्या तरी देखरेखीखाली नेम धरता येतो. "घरी बसून डोकं खराब करून घेऊ नकोस," असं म्हणून त्याने मला एका मंगळवारी सकाळी गाडीत घातलं.

बाईने टेबलावर चार पिस्तुलं मांडली, नळ्या भिंतीकडे करून. मी सगळ्यात मोठं उचललं. ग्रोसरीतसुद्धा मी सगळ्यात मोठा दुधी उचलतो आणि बायको तो गुपचूप परत ठेवते. हे फोर्टी-फाइव्ह होतं, जाड गोळीचं आणि चांगलं वजनदार. पहिल्याच गोळीला ते माझ्या हातात उताणं झालं आणि काडतुसाची रिकामी पुंगळी गरमागरम कॉलरमध्ये पडली. सात गोळ्यांपैकी एक कागदाच्या कोपऱ्याला लागली. बाकीच्या कुठे गेल्या ते रेंजची भिंतच जाणे.

दुसरं नाइन एमएम. हलकं, प्लास्टिकच्या मुठीचं. ते नीट धरलं की बोट चापापर्यंत पोचेना आणि चापापर्यंत पोचलं की मूठ निसटे. तिसरं रिव्हॉल्व्हर. त्याचा चाप ओढताना माझा अख्खा हात थरथरला. मी चिडायला लागलो होतो. चष्मा घामाने धुरकट झालेला, कानांवरचे मफ दाबत होते. बाईने फोर्टी-फाइव्ह पुन्हा माझ्या हातात दिलं. या वेळी गोळ्या तिने स्वतः भरल्या. दोन झाडल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तर आवाजच झाला नाही, पण माझ्या हाताने नळीसकट खाली डुबकी मारली. तिने मला न सांगता मध्येच एक खोटी गोळी भरून ठेवली होती.

"बघ," ती म्हणाली, "धक्का यायच्या आधीच तू त्याच्याशी भांडतोस."

मग तिने चौथं दिलं. ट्वेंटी-टू. बारीक गोळी, लांब पोलादी नळी, सडपातळ मूठ. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण मित्राची पोरगी तेराव्या वर्षी त्याच प्रकारावर शिकली होती. हातात घेतलं आणि मूठ तळव्यात अशी बसली की कुठे दाबायला नको, कुठे सावरायला नको. बोटाचं पेर चापावर आपोआप टेकलं. मी श्वास अर्धा सोडला आणि हळूहळू दाब वाढवत गेलो. दहा गोळ्या झाल्यावर बाईने कागद जवळ ओढला. दहाही छिद्रं आमटीच्या वाटीखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती.

"तू शांत माणूस आहेस," ती म्हणाली. "शांत माणसालाच हे जमतं."

मी शांत माणूस! घरी येताना गाडीत मी ते वाक्य दोनदा मनात घोळवून पाहिलं. आजवर मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. तोंडाने फटकळ पण मनाने साफ, ही पदवी माझी मीच मला देऊन टाकली होती, आणि घरात ती सगळ्यांना मान्य आहे असं धरून चाललो होतो. बायकोवर मी कधी हात उचलला नाही. हे मी एखाद्या प्रमाणपत्रासारखं मिरवत असे. हात उचलला नाही, पण स्टीलचा डबा भिरकावला होता. फ्रिजच्या दाराला पडलेल्या पोच्यावर तिने नायगाराचं मॅग्नेट लावून टाकलं. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना फावडं मोडलं, तेव्हा तो दांडा मी गराजच्या भिंतीवर आपट आपट आपटला होता. नोकरी गेल्यापासून तर विचारूच नका. भाजीत मीठ कमी पडलं तरी मला त्यात कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट दिसायचा. मुलगी टोरोंटोहून फोन करायची, तोही आईच्या कामाच्या वेळेत, आईच्या मोबाइलवर. मला वाटे, तिला तीच वेळ सोयीची असेल.

मंगळवारची सवय लागली. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. ती सकाळी साडेसहाला बाहेर पडे, मी नऊला. तिला मी सांगितलं की जिमला जातो. खरं का नाही सांगितलं? तिने नको म्हटलं असतं याची मला भीती नव्हती. तिने "का?" विचारलं असतं, याची होती. जिमचं ऐकून तिला आनंद झाला होता. तिने माझ्यासाठी जिमचा म्हणून एक निळा टॉवेल आणला, आणि मी तो दर मंगळवारी बाथरूममध्ये ओला करून घरी वाळत घालत असे. हे लिहितानाही मान खाली जाते.

फेब्रुवारीपर्यंत मला ते ट्वेंटी-टू स्वतःचं हवंसं झालं. रेंजचं पिस्तूल दहा जणांच्या हातातलं. मला तशाच बनावटीचं, माझ्या आखूड बोटांसाठी मूठ थोडी तासून घेतलेलं हवं होतं. त्यासाठी लायसन्स लागतं. लायसन्ससाठी दोन वीकएन्डचा कोर्स, परीक्षा, फोटो, तीन वर्षांहून जास्त ओळखणारे दोन जामीनदारासारखे लोक. कोर्सच्या वेळी मी मित्राच्या बेसमेंटचं काम निघालंय असं सांगितलं. परीक्षा पास झालो. मग अर्ज आला.

अर्जात एक प्रश्न होता: गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, नोकरी जाणं, असं काही घडलंय का? मी "हो"वर खूण केली. तेवढ्यापुरता मी सत्यवादी. पुढच्या पानावर जोडीदाराच्या सहीची जागा होती.

आमच्या घरात कागद माझ्याकडे. आम्ही लग्न करून इथे आलो तेव्हापासूनची ही वाटणी. इमिग्रेशन, सिटिझनशिप, पासपोर्ट, मुलीच्या शाळेचे फॉर्म, सगळं मी भरायचं, डायनिंग टेबलावर पसरायचं आणि सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावायच्या. ती हात पुसत यायची, "कुठे?" विचारायची आणि मी बोट ठेवीन तिथे सही करून परत वळायची. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हेच चालतं. आम्ही त्याला विश्वास म्हणतो आणि मराठी मंडळाच्या जेवणांत त्यावर विनोदही करतो.

त्या महिन्यात दोघांचे पासपोर्ट नवे झाले होते, त्यामुळे भारतात जाण्यायेण्यासाठीची ओसीआय कार्डंही नव्याने करायची होती. ज्याने ओसीआयचा अर्ज केलाय त्याला माहीत आहे, झेरॉक्सचा केवढा गठ्ठा होतो. त्या गठ्ठ्यात मी माझा अर्ज घातला. पानाचा वरचा भाग पासपोर्टच्या झेरॉक्सने झाकला. सहीच्या जागेजवळ एक ओळ होती, तुम्हाला काही काळजी वाटत असेल तर आम्हाला फोन करा, अशा अर्थाची. त्या ओळीवर मी अंगठा ठेवला.

"कुठे?"

"इथे, इथे आणि इथे."

"किती वेळा सह्या घेतात हो हे लोक," ती म्हणाली आणि तिन्ही ठिकाणी सही करून कुकर बंद करायला गेली.

फोन आला तो एका शुक्रवारी दुपारी. तिला सुट्टी होती. ती किचनमध्ये मेथी निवडत होती, मी समोर बसून पेपर वाचत होतो. घरचा लँडलाइन वाजला की आम्ही सहसा उचलत नाही. त्या दिवशी तिने उचलला.

"येस, स्पीकिंग," ती म्हणाली. मग, "सॉरी, व्हॉट लायसन्स?" मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला पेपरात तोंड घालावंसं वाटलं, आणि मी घातलंही. "येस," ती म्हणाली, "येस, दॅट इज माय सिग्नेचर."

मग तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

"फोनवरची बाई विचारतेय, मी खोलीत एकटी आहे का."

"सांग ना हो म्हणून!"

"तुम्ही जरा बेसमेंटमध्ये जा."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, जिना उतरताना मला रागच आला होता. माझ्याच घरात मला खाली पाठवतात! ड्रायर चालू होता, वरचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी कपड्यांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. ढिगात सगळ्यात वर तो निळा टॉवेल होता. तेव्हा कुठे राग उतरायला लागला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून सोसायला अवघड होतं.

वर आलो तेव्हा फोन संपला होता. ती पुन्हा मेथी निवडत होती.

"काय विचारलं?"

"तुमच्या नोकरीबद्दल. आणि मला घरात भीती वाटते का, असं."

"मग?"

"नाही म्हटलं."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हायसं वाटलं. लायसन्स येणार, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "नोकरी गेल्यापासून जिथे जाता तिथे 'नाही' ऐकून येताय. आणखी एक 'नाही' माझ्यामुळे नको, म्हणून."

"खोटं म्हणजे? मी कधी हात उगारलाय तुझ्यावर? सांग, कधी?" माझा आवाज चढला. तो चढतोय हे मला ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हता.

ती उठली नाही, रडली नाही. मेथीकडे बघतच बोलत राहिली. "तुमची गाडी ड्राइव्हवेत वळली की मी रेडिओ बंद करते. गराजचं दार कसं लागतं त्यावरून ठरवते, आज काही बोलायचं की नाही. तुम्ही जवळपास नसताना मी लेकीशी बोलते. हे मला इतकं सवयीचं झालंय की भीती म्हणून कधी सुचलंच नाही. त्या बाईने विचारलं तेव्हा सुचलं."

मी काहीतरी बोलणार होतो. मनाने साफ वगैरे. सहीबद्दल तिने एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला माफी मागायला निमित्त मिळालं असतं. तिने मेथी धुतली, भाजी केली, आणि आम्ही जेवलो. मीठ नेमकं होतं.

शनिवार-रविवार आम्ही कामापुरतं बोललो. सोमवारी ती संध्याकाळच्या पाळीला जायची होती, दुपारी घरीच होती. मी अर्जाच्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवल्यावर बायकोशी बोललेल्या त्याच बाईशी गाठ पडली. माझा अर्ज मागे घ्यायचाय, असं मी सांगितलं. "मन बदललं" एवढं पुरलं असतं. ती तेवढ्यावर फाइल बंद करायला तयार होती. बायको सिंकपाशी उभी राहून डबा भरत होती. मी तिला ऐकू जाईल अशा बेताने, पण आवाज न चढवता, इंग्रजीत बोललो. "शी डिडन्ट नो व्हॉट शी वॉज सायनिंग. आय हिड इट. अँड माय वाइफ इज अफ्रेड ऑफ मी." मराठीत ते शेवटचं वाक्य मला आजही पुरं म्हणता येत नाही.

पलीकडे टायपिंग थांबलं. मला वाटलं, आता ती मला शाबासकी देईल. खरंच वाटलं. खरं बोलल्याबद्दल चांगलं म्हणवून घ्यायची माझी भूक तेव्हाही शिल्लक होती.

"इज शी सेफ राइट नाऊ, सर?" तिने विचारलं.

तोंडावर "ऑफ कोर्स" आलं होतं. पण ते सांगणारा मी कोण? मी वळलो आणि रिसीव्हर बायकोपुढे धरला. ती घ्यायला पुढे आली नाही. मी तो टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरलो, तेव्हा तिने तो उचलला.